अव्हंटोन मिक्सक्यूब स्पीकर: एकच घ्या, जोडी नको
मिरजेच्या एका भजनी मंडळाचे आठ अभंग मी मिक्स केले होते. हेडफोनवर पेटी दोन्ही कानांभर पसरलेली, सुरेख. काकड्याच्या पहाटे मंडळानं तेच देवळाच्या कर्ण्यावर लावलं आणि पेटीवाल्या काकांचा फोन आला, "अगं, टाळ येतोय, पखवाज येतोय, माझी पेटी कुठं गेली?"

पेटी मीच घालवली होती. ती रुंद वाटावी म्हणून एका बाजूची फेज, म्हणजे लाटेचा चढ-उतार, उलटी केली होती. कर्णा मोनो, म्हणजे दोन्ही बाजू मिळून एकच आवाज. डावं-उजवं एकत्र आलं की उलट्या लाटा एकमेकींना खाऊन टाकतात.

त्यानंतर मिक्स मोनोत तपासायला विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत हा चौकोनी स्पीकर आला. आवाज काढणारा 5.25 इंची एकच पडदा, बंद खोकं, उंच सुरांसाठी वेगळा ट्वीटर नाही, सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर नाही. 1970 च्या दशकात स्टुडिओंमध्ये ऑराटोनचे छोटे स्पीकर असत, त्याच घराण्यातला. खोल बास नाही, वरची चकाकी नाही. उरतो मधला पट्टा, आणि गळा अन् पेटी राहतात तिथंच.

पहिल्याच दिवशी यानं पखवाज पकडला. कणीक लावलेल्या डाव्या बाजूचा घुमारा मोठ्या स्टुडिओ स्पीकरवर छातीत बसत होता, इथं नुसती टकटक. नुसता बास वाढवून काही होत नाही. मी थोडं सॅच्युरेशन दिलं, म्हणजे आवाज मुद्दाम किंचित खरखरीत केला. मूळ सूर 80 हर्ट्झचा धरला तर त्याचे 160, 240, 320 हे वरचे सूर ठळक होतात आणि त्यांवरून कान खालचा सूर स्वतःच भरून घेतो. मोबाईलवरसुद्धा घुमारा कळायला लागला. माझे पैसे तिथंच वसूल झाले.

दुरुस्त केलेले अभंग कर्ण्यावर लागले तेव्हा मी देवळात गेले होते. पेटी पार खालच्या पायरीपर्यंत ऐकू येत होती.

घेणार असाल तर एकच घ्या. दोन स्पीकरमधून मोनो वाजवला की डोकं हललं तरी आवाज बदलतो. आणि इंटरफेसवरचं (कॉम्प्युटरचा आवाज स्पीकरला देणाऱ्या डब्यावरचं) मोनो बटण दाबायला विसरू नका, नाहीतर फक्त डावी बाजू ऐकत बसाल. अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आतच अँप्लिफायर असलेला बघा, पॅसिव्हला वेगळा अँप्लिफायर लागतो. आवाज अगदी बारीक ठेवा, शेजारी बोललेलं ऐकू येईल इतका. त्या पातळीवर अभंगाचा शब्द कळला पाहिजे. बासचा निर्णय मात्र यावर घेऊ नका, त्यासाठी मी अजून भावाच्या गाडीत जाऊन बसते.