गॅस्ट्रिक बँड, दीड वर्षाच्या वापरानंतर: वजन सावकाश उतरतंय म्हणजे नेमकं काय चाललंय

दीड वर्षाच्या वापरानंतर बँडबद्दल, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठराभोवती बसवलेल्या पट्ट्याबद्दल, पहिली गोष्ट सांगायची ती ही की याची चाल मुळातच सावकाश आहे. ती चाल म्हणजे बिघाड नव्हे. बिघाड वेगळा असतो आणि तो ओळखता येतो. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस दर महिन्याला सर्जनकडे जाऊन ‘अजून थोडं घट्ट करा’ म्हणत राहतो, आणि खरी अडचण तिथून सुरू होते.

आधी आकडे. उंची १६० सेंमी आणि वजन १०५ किलो असेल तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) ४१ येतो. त्याच उंचीला बीएमआय २५ म्हणजे ६४ किलो. म्हणजे जादा वजन ४१ किलो. बँडवर दोन-तीन वर्षांत या जादा वजनाचा साधारण ४५ ते ५० टक्के भाग जातो. मेलबर्नचे सर्जन पॉल ओब्रायन यांच्या गटाने २०१३ मध्ये आपल्या रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा प्रसिद्ध केला, त्यात १५ वर्षांनंतरचा आकडाही ४७ टक्के होता. आपल्या उदाहरणात हे १८ ते २० किलो झाले, तेही दोन वर्षांत. आठवड्याला अर्धा किलो उतरत असेल तर बँड उत्तम चालला आहे. महिन्याला एक-दीड किलो उतरलं तरी तो चालूच आहे. काही जण २५ ऐवजी आशियाई निकषाप्रमाणे २३ धरून हिशेब करतात. मग तेच उतरलेलं वजन टक्केवारीत कमी दिसतं आणि उगीच धास्ती वाटते. कोणताही एक आकडा धरा, पण मध्येच बदलू नका.

स्लीव्ह ही दुसरी शस्त्रक्रिया केलेल्या ओळखीच्या माणसाशी तुलना करण्यात अर्थ नाही. स्लीव्हमध्ये जठराचा बराच मोठा भाग कापून काढतात, त्यासोबत भुकेचं संप्रेरकही घटतं आणि पहिल्या वर्षभरात वजन झपाट्याने खाली येतं. बँडमध्ये काहीच कापलं जात नाही. जठराच्या अगदी वरच्या टोकाला सिलिकॉनचा एक पट्टा बसतो. त्याच्या आतल्या बाजूला फुगा असतो, फुग्यापासून एक नळी निघते आणि पोटाच्या स्नायूवर, कातडीखाली शिवलेल्या पोर्टपर्यंत, म्हणजे सुई टोचायच्या छोट्या डबीपर्यंत येते. पोर्टमधून सलाइन घातलं की फुगा फुगतो आणि वाट अरुंद होते. बाकी सगळं जागच्या जागी असतं, भूकसुद्धा.

म्हणूनच सगळ्यात जास्त मनस्ताप तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत होतो. पहिले दोन-तीन आठवडे फक्त पातळ पदार्थ असतात, बँडभोवती सूज असते, वजन भराभर उतरतं. मग सूज जाते, घन आहार सुरू होतो, पण फुगा अजून जवळपास रिकामा असतो. पहिला फिल, म्हणजे फुग्यात सलाइन भरणं, साधारण चार ते सहा आठवड्यांनी देतात, कारण बँड जागेवर नीट धरायला तेवढा वेळ लागतो. या मधल्या काळात भूक पूर्वीसारखी लागते, वजन थांबतं, एखादा किलो परतही येतो. शस्त्रक्रिया फसली असं इथेच वाटतं. बँड तेव्हा कामाला लागलेलाच नसतो.

आता फिलबद्दल जरा सविस्तर, कारण बँडचं यश निम्मं इथे ठरतं. तुम्हाला आडवं झोपवून डोकं किंवा पाय थोडे उचलायला सांगतात, म्हणजे पोटाचे स्नायू ताठ होतात आणि पोर्ट बोटाला लागतो. कातडी निर्जंतुक करून ह्यूबर सुई सरळ, काटकोनात खुपसतात. ही सुई वेगळी असते. तिच्या टोकाने पोर्टवरच्या रबरासारख्या पडद्याचा तुकडा निघत नाही. साधी इंजेक्शनची सुई वापरली तर पडद्याला भोक पडून गळती सुरू होऊ शकते, म्हणून सुई कोणती आहे हे बेलाशक विचारा. सुई पोर्टच्या कडक तळाला टेकते, हाताला ते स्पष्ट कळतं. मग नोंद हवी ती ही: आत आधी किती सलाइन होतं, बाहेर किती निघालं, नवीन किती घातलं, आता एकूण किती आहे. कागदावर ५ मिली आणि सिरिंजमध्ये आलं ४ मिली, असं झालं तर गळतीची शंका घ्यायची. एका वेळी वाढ सहसा अर्धा ते एक मिली एवढीच. बँडची एकूण क्षमता मॉडेलप्रमाणे ४, १० किंवा १४ मिली असते, त्यामुळे ‘माझ्यात ६ मिली आहे’ या वाक्याला मॉडेल सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही.

फिल झाल्यावर लगेच निघू नका. उठून बसा, पेलाभर पाणी घोट घोट प्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा. पाणी छातीत अडल्यासारखं वाटलं किंवा वर आलं तर तिथल्या तिथे थोडं सलाइन काढून घेणं सोपं असतं. रात्री अकरा वाजता तेच करायला कोणी सापडत नाही. पुढचे एक-दोन दिवस पातळ, मग मऊ, मग नेहमीचं. फिलचा खरा परिणाम आठवड्यानंतरच कळतो.

बँड योग्य तेवढा घट्ट आहे की नाही हे वजनकाट्यापेक्षा जेवणावरून लवकर समजतं. छोट्या वाटीभर, म्हणजे सव्वाशे मिलीच्या आसपास, घन जेवण सावकाश खाल्ल्यावर समाधान झालं आणि पुढचे चार-पाच तास भूक आठवली नाही, तर तो हिरव्या पट्ट्यात, म्हणजे हवा तेवढाच घट्ट आहे. दोन तासांत पोट खायला मागतंय, दोन पोळ्या आरामात जाताहेत, तर पिवळा पट्टा, फिल हवा. आणि पोळीचा तुकडा अडतो, पनीर जात नाही, रात्री आडवं झाल्यावर आंबट पाणी घशात येतं, कोरडा खोकला सुटतो, तर तो लाल पट्टा आहे. तिथे सलाइन काढायला हवं.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथेच. वजन उतरत नाही म्हणून बँड आणखी घट्ट करून घेतात. घट्ट बँडमधून भाकरी, उसळ, मासे, चिकन जात नाहीत. मग काय जातं? चहात बुडवलेली खारी, श्रीखंड, आइस्क्रीम, बासुंदी, मिल्कशेक, तोंडात विरघळणारे कुरमुरे आणि शेव. हे सगळं बँडमधून सरसर घसरतं, पोट भरल्याची जाणीव देत नाही आणि उष्मांक मात्र भरपूर. सव्वाशे ग्रॅम श्रीखंडात तीनशेच्या आसपास उष्मांक असतात. दिवसभराचं लक्ष्य हजार-बाराशेचं असेल तर चौथा हिस्सा एका वाटीत संपला, आणि तासाभरात पुन्हा भूक. माणूस दिवसातून तीनदा ओकतो, अर्धं जेवण टाकतो आणि वजन तरीही जिथल्या तिथे. अशा वेळी अर्धा-एक मिली काढून बँड सैल केल्यावर वजन पुन्हा उतरायला लागतं. ऐकायला उलटं वाटेल, पण कारण सरळ आहे: आता परत भाकरी-उसळ खाता येते.

घासाचं गणित समजलं की हे पटतं. बँडच्या वर अन्न साठवायचं नसतं. नीट चावलेला घास अन्ननलिका दोन-चारदा दाबून बँडमधून खाली ढकलते, त्याला मिनिटभर लागतो. त्या दाबानेच तृप्तीचा निरोप जातो. पहिला घास खाली उतरायच्या आत दुसरा टाकला की वर रांग लागते, आणि बँडच्या वरचा जठराचा छोटा कप्पा हळूहळू ताणला जातो. म्हणून घास बोटाच्या पेराएवढा, वीस-पंचवीस वेळा चावायचा, मग चमचा खाली ठेवून एक मिनिट थांबायचं. जेवण वीस-पंचवीस मिनिटांत संपवायचं, उरलं तर उरलं. शिंक येणं, नाक वाहणं, उचकी लागणं किंवा मोठा सुस्कारा, यातली एक खूण बहुतेकांना पोट भरण्याच्या थोडी आधी मिळते. ती आली की पुढचा घास घ्यायचा नाही.

मराठी ताटात सर्वाधिक अडतात ते मऊ, चिकट पदार्थ. ताज्या पोळीचा चावून पीठगोळा होतो, भाताचा चिकट गोळा बनतो, पावाचं तर बोलायलाच नको. ज्वारी-बाजरीची भाकरी कोरडी फुटते, ती आमटीत भिजवून बऱ्याच जणांना चालते. कोंबडीच्या छातीचं मांस धाग्याधाग्याचं असतं, ते अडतं. बांगडा, सुरमई, पापलेट काट्यातून सुटं होतं, ते छान जातं. प्रथिनं दिवसाला ६० ते ८० ग्रॅम हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, शंभर ग्रॅम माशात वीसच्या आसपास. वाटीभर वरण प्रथिनांचं मानून निर्धास्त राहू नका. पातळ वरणात फार तर पाच-सहा ग्रॅम निघतात आणि ते पाण्यासारखं घसरतं. तीच डाळ घट्ट शिजवली किंवा मटकीची कोरडी उसळ केली तर बँडवर टिकते. वाढून घेताना आधी प्रथिन, मग भाजी, जागा उरली तर भाकरी. दुधासाखरेचा चहा दिवसातून चार वेळा झाला तर त्यातच अडीच-तीनशे उष्मांक जातात, हेही लिहून ठेवा.

सकाळी बँड जास्त घट्ट वाटतो, पाळीच्या आधी आणि ताणाच्या दिवसांतही. सकाळी सातला पोहे अडत असतील तर लगेच सलाइन काढायला धावू नका. आधी कोमट पाणी, नाश्ता दहा-साडेदहाला, एवढ्याने बहुतेक वेळा भागतं. दिवसभर अडत असेल तर गोष्ट वेगळी.

घास अडलाच तर छातीच्या मध्यभागी दाब येतो आणि तोंडात फेसाळ लाळ सुटते. खाणं तिथेच थांबवा, उभे राहा, चाला. वरून पाणी ओतून तो ढकलायचा प्रयत्न करू नका, पाण्याला जायला वाट नसते. तो सुटला की पुढचे २४ तास पातळच घ्या, कारण आत सूज आलेली असते आणि दुसरा घास तिथेच अडकतो. लाळसुद्धा गिळता येत नसेल किंवा पोटात सतत कळ येत असेल तर वाट पाहू नका, त्याच दिवशी बँड रिकामा करून घ्यायचा. उलट्या आठवडाभर चालल्या तर ब१ जीवनसत्त्व कमी पडून मज्जातंतूंवर परिणाम होऊ शकतो. तेव्हा डॉक्टरांना उलट्या किती दिवस चालू आहेत ते आधी सांगा.

सगळं बरोबर असूनही काटा सहा-आठ आठवडे हलत नसेल तर औषधांकडे पाहा. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या जुन्याच मात्रेत चालू असतील तर कमी खाण्यामुळे साखर उतरते, हात थरथरतात, मग गोड खावं लागतं. रोजच्या रोज हे घडतं आणि वजन अडतं. स्टेरॉइड, काही मानसोपचाराची औषधं, थायरॉइड, पीसीओएस, यांचीही तपासणी हवी. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या मोठ्या एसआर (हळूहळू विरघळणाऱ्या) गोळ्या अडतात म्हणून त्या कुटून घेऊ नयेत, पर्याय लिहून मागावा. वेदनाशामक आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक शक्यतो टाळायचे. वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी. पाण्यामुळे एक-दोन किलोचा चढउतार रोज होतो, रोजचं वजन पाहून फक्त डोकं फिरतं. कंबरेचं माप महिन्यातून एकदा घ्या. स्नायूंचा व्यायाम सुरू असेल तर काटा थांबूनही कंबर घटते.

खऱ्या बिघाडाची लक्षणं अशी. फिल वाढवत जाऊनही पकड येत नाही, तर गळती. महिनोन्‌महिने बरा असलेला बँड एकाएकी घट्ट वाटू लागला, रात्री आम्ल वर येतंय, तर तो सरकला असेल किंवा वरचा कप्पा फुगला असेल. बेरियम पिऊन काढलेल्या एक्स-रेत ते दिसतं. पकड हळूहळू नाहीशी झाली आणि वर्षभरानंतर पोर्टच्या जागी लाली किंवा पू आला, तर बँड जठराच्या भिंतीतून आत शिरत असण्याची शंका घेऊन एंडोस्कोपी करायची. सुईला पोर्टच सापडत नसेल तर तो उलटा झालेला असू शकतो. ओब्रायन यांच्याच पाठपुराव्यात पोर्ट आणि नळीच्या तक्रारींसाठी पाचापैकी एकाला पुन्हा शस्त्रक्रिया लागली होती. बँड निवडताना ही बाजू लोकांना पुरेशी सांगितली जात नाही, आणि ते चुकीचं आहे.

हिरव्या पट्ट्यात राहून, आहार सांभाळून, नियमित तपासण्या करूनही दीड-दोन वर्षांत जादा वजनाच्या चौथ्या हिश्शाएवढंही उतरलं नाही, तर सर्जनशी गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून अन्नाची वाट वळवणारी शस्त्रक्रिया) किंवा स्लीव्हमध्ये बदलण्याबद्दल बोलावं. जठराची भिंत सुजलेली असेल तर आधी बँड काढून काही महिने थांबतात, मग दुसरी शस्त्रक्रिया. सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड ही इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात वजनासाठी आली. बँड असताना ती घ्यायची तर सर्जनला कळवूनच. मळमळ आणि उलट्यांनी बँड सरकायचा धोका वाढतो, आणि कधी कधी आधी सलाइन काढावं लागतं.

भारतात आता बहुतांश शस्त्रक्रिया स्लीव्ह आणि बायपासच्या होतात, बँड भरणारे हात कमी झाले आहेत. ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेत बँड बसवून पुण्या-मुंबईला परतणाऱ्यांनी निघण्यापूर्वी शस्त्रक्रियेची टिपणं, बँडची कंपनी आणि मॉडेल, कमाल क्षमता, सध्याचं सलाइन आणि शेवटचा एक्स-रे एवढं मागून घ्यावं. मॉडेल आणि मिलीचा आकडा पाकिटातल्या एका चिठ्ठीवर, रक्तगटाशेजारी.