ताकायामाचा चासेन: काड्या मोजून नव्हे, घराणं पाहून घ्या

जपानमधले बहुतेक हाती घडवलेले चासेन नारा प्रांतातल्या इकोमा शहरातल्या ताकायामा भागात तयार होतात. माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची बारीक पूड, पाण्यात घोटण्याचं हे साधन बांबूच्या एकाच तुकड्यातून कोरलेलं असतं, कुठेही सांधा नाही.

विकत घेताना आधी टोकं बघा. चांगल्या चासेनची काडी टोकाकडे कागदासारखी पातळ तासलेली असते आणि बाहेरच्या काड्यांच्या कडा मारलेल्या असतात, म्हणून पूड चिकटत नाही. स्वस्त मालात नेमकी हीच मेहनत वाचवलेली दिसते. काडी जाड राहते, वाकत नाही आणि फेसात मोठे बुडबुडे उठतात.

मग घराणं, म्हणजे जपानी चहाविधीची परंपरा. उरासेन्के घराण्यात पांढरा बांबू, मुशाकोजिसेन्केत काळसर, तर ओमोतेसेन्केत सुसुदाके वापरतात. सुसुदाके म्हणजे जुन्या गवती छपरांत चुलीच्या धुराने वर्षानुवर्षं मुरलेला बांबू. दिसायला देखणा, पण दुर्मीळ, महाग आणि टोकाशी ठिसूळ. उरासेन्केत फेसाने वाटी झाकतात, ओमोतेसेन्केत थोडा भाग मोकळा ठेवतात. त्यामुळे १२० काड्यांच्या मागे धावू नका, ८० ते १०० पुरतात. कोइचासाठी, म्हणजे दाट घोटलेल्या माच्चासाठी, मात्र कमी आणि जाड काड्यांचा वेगळा चासेन घ्याच. नाजूक काड्या त्या लगद्यात मोडतात.

उसुचासाठी, म्हणजे नेहमीच्या पातळ माच्चासाठी, २ ग्रॅम चाळलेला माच्चा, साधारण ७० मिली पाणी, ८० अंशांच्या आसपास. चासेन आधी गरम पाण्यात भिजवा. कोरडी काडी तडकते. रवीसारखा गोल फिरवायचा नाही, मनगटातून पुढे-मागे झपाझप चालवायचा. टोकं तळाला दाबली की तुटलीच. शेवटी वरच्या थरात हळू फिरवून मोठे बुडबुडे फोडा आणि मधोमध उचला.

पहिल्यांदा भिजवल्यावर आतल्या काड्यांची पिळलेली कळी उमलते, बाहेरची वळलेली टोकं सरळ होतात. हा बिघाड नव्हे. साबण नको, नुसतं कोमट पाणी. धुतल्यावर कुसेनाओशीवर, म्हणजे चासेन ठेवायच्या चिनी मातीच्या ठोकळ्यावर, काड्या खाली करून, वाळवा, आकार टिकतो. ज्या प्लॅस्टिकच्या डबीतून चासेन येतो त्यात ओला परत ठेवलात तर काड्यांभोवती गुंफलेल्या दोऱ्याशी बुरशी धरते, आणि ती निघत नाही. टोकं गळून वाटीत सापडू लागली की मात्र नवा आणा.