सॉलिडवर्क्समधली बेंड टेबल: काही महिन्यांच्या वापरानंतर

सॉलिडवर्क्स या डिझाइन सॉफ्टवेअरच्या शीट मेटलमध्ये (पत्राकामात) के-फॅक्टर मुळात ०.५ असतो. वाकताना न ताणली जाणारी, न दबणारी रेषा आतल्या बाजूपासून जाडीच्या किती पटीवर आहे, तो हा आकडा. तो तसाच ठेवून फ्लॅट पॅटर्न (वाकवण्याआधीचा सपाट आकार) लेझर कटिंगला दिला की जॉब मोठा येतो. २ मिमी सीआरसीए (कोल्ड रोल्ड पत्रा), व्ही-१६ डाय (१६ मिमी तोंडाचा व्ही आकाराचा साचा), ९० अंश असेल तर एका बेंडला साधारण पाव मिमी. लिपवाल्या (कडा आत वळवलेल्या) सी-चॅनेलला चार बेंड, म्हणजे १ मिमी. ऑपरेटर लिप आणि बाजू बॅकगेजवर (प्रेसच्या मागच्या मापाच्या अडसरावर) मापात आणतो, त्यामुळे सगळी वाढ तळाच्या रुंदीत जाते आणि कव्हर जुळत नाही.

म्हणून एकच के-फॅक्टर सोडून डिडक्शनची (बाहेरच्या मापांच्या बेरजेतून दर बेंडला वजा करायच्या लांबीची) स्वतःची एक्सेल बेंड टेबल जोडली. रोजच्या वापरानंतरचं मत: टेबल उत्तम, पण ती नुसत्या पत्र्याच्या नावाने करू नका, डायचं नावही घाला.

एअर बेंडिंगमध्ये (पत्रा डायच्या तळाला न टेकवता वाकवताना) आतली त्रिज्या मुख्यतः डायचं तोंड ठरवतं. माइल्ड स्टीलला ती व्हीच्या सुमारे १६ टक्के, स्टेनलेसला २० च्या आसपास. के ०.४२ धरून त्याच २ मिमी पत्र्याचं डिडक्शन व्ही-१२ वर ३.५, व्ही-१६ वर ३.८ आणि व्ही-२० वर ४.०५ येतं. मॉडेलमध्ये त्रिज्या २ लिहिली आणि बेंड २.६ ने आला, तर के कितीही अचूक असो, पाव मिमी गेलाच. '०.३३ घ्या', '०.४४ घ्या' असे सल्ले खूप मिळतात. कोणत्या डायवर, ते मात्र कोणी सांगत नाही.

आकडे पुस्तकातून नाही, पट्टीतून काढायचे. १०० × ५० ची पट्टी लेझरवर कापा, बर (कापाची खरबरीत धार) काढा, जाडी मायक्रोमीटरने पाहा. मधोमध ९० अंशात वाकवून दोन्ही अंगांची बाहेरची मापं व्हर्निअरने घ्या. बेरीज १०३.८ आली तर डिडक्शन ३.८. आधी कोन तपासा. स्प्रिंगबॅकने (पत्रा किंचित परत उघडल्याने) ९१ राहिला असेल तर तो आकडा टेबलात घालू नका. रोलिंगच्या दिशेत आणि आडव्या दिशेत वेगवेगळ्या पट्ट्या वाकवून पाहाव्यात. के हवाच असेल तर उलटं जा: २ × ४.६ (त्रिज्या २.६ + जाडी २) − ३.८ = ५.४ हा अलाउन्स, म्हणजे बेंडमध्ये जाणारी पत्र्याची लांबी. त्याला १.५७०८ ने भागा, २.६ वजा करा, जाडीने भागा: ०.४२.

त्रास एकच, पण मोठा. जॉबवर्कवाल्याने न सांगता डाय बदलला की टेबल निरुपयोगी. आता ड्रॉइंगवरच 'व्ही-१६, आतली त्रिज्या २.६' असं लिहून जातं.

हेमला (पूर्ण उलटी दुमडलेली कड) मात्र डिडक्शन चालतच नाही. सेटबॅकमध्ये (वरचं ४.६) अर्ध्या कोनाचा टॅन असतो आणि १८० अंशाला तो अनंतात जातो. तिथे अलाउन्सची वेगळी टेबल ठेवावी लागते.