हेपरिनवर म्हणे व्हिटॅमिन के!

जीएनएमवाल्यांना (नर्सिंग डिप्लोमा केलेल्यांना) नॉरसेटसाठी, म्हणजे एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरती परीक्षेसाठी, दोन वर्षांचा अनुभव लागतो. तो मी नागपुरात धंतोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात घेत होते. चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, म्हणून 'क्लिनिकल रिव्ह्यू', म्हणजे प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या भागाची उजळणी, पक्का करायचा होता. मोबाईलवर एका ऑनलाईन क्लासची जाहिरात आली: रोज लाईव्ह क्लास, पाच हजार प्रश्न, शिकवणारे म्हणे एम्सचे ऑफिसर. डेमोत एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) असा समजावला की विचारू नका. (तो व्हिडिओ भलत्याच कुणाचा होता, हे नंतर कळलं.) मग क्लासवाल्यांचा फोन: "ताई, आज भरले तर साडेचार, उद्या नऊ हजार." नाईट ड्युटी करून मेडिकल चौकात चहा घेता घेता यूपीआयने पाठवले. पैसे घेणाऱ्याचं नाव क्लासचं नव्हतं. विचारलं तर "आमचे अकाउंटंट आहेत." मीही मान डोलावली.

लाईव्ह क्लास एकही झाला नाही. एक पीडीएफ आली, ती झेरॉक्स करून ड्युटीवर न्यायची. एका रात्री इन्चार्ज सिस्टरांनी सहज चाळली आणि चष्मा वर केला.

"पोरी, हे कोनी देल्लं तुले?"

हेपरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा अँटिडोट, म्हणजे उतारा, म्हणून व्हिटॅमिन के दिलं होतं. ते वॉरफरिन या दुसऱ्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचं, हेपरिनला प्रोटामिन सल्फेट. दोन प्रकारचं इन्सुलिन एका सिरिंजमध्ये मिसळताना आधी गढूळ, मग स्वच्छ, म्हणजे नेमकं उलटं. आणि पोटॅशियम कमी असेल तर केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) 'आयव्ही बोलस', म्हणजे शिरेत एकदम! सिस्टर त्या ओळीवर बोट ठेवून गप्प बसल्या. केसीएल पातळ करून सावकाश ड्रिपमधूनच जातं. थेट ढकललं तर हृदय बंद पडू शकतं. आणि मी ते उत्तर पिवळ्या हायलायटरने रंगवून पाठ केलं होतं.

साडेचार हजारांचं दुःख आहेच, पण त्या पिवळ्या ओळीने जास्त झोप उडवली.

ग्रुपवर शंका विचारली, तर दहा मिनिटांत बाहेर काढलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन केला तोवर तीन आठवडे उलटले होते. तक्रार नोंदली, पैसे अजून आलेले नाहीत. तुमचे गेले असतील तर माझ्यासारखं लाजत बसू नका, त्याच दिवशी फोन करा. आणि भरण्याआधी उत्तरांसकट वीस-पंचवीस प्रश्न मागा. पोटॅशियम, इन्सुलिन, हेपरिन एवढं पुस्तकाशी ताडून पाहिलं तरी पुरतं.

झेरॉक्स पाठकोरी आहे. मागच्या बाजूला आता ड्रिप रेटची गणितं सोडवते.