रेडिओमास्टर पॉकेट: विमानाची सवय असलेल्या हातांसाठी

सेसना १७२ या छोट्या विमानावर थोडं उड्डाण शिकल्यानंतर मी ड्रोनकडे वळले आणि तो उडवायला हा रिमोट घेतला. आता चार महिने झाले.

विमानात डाव्या सीटवर योक (विमानाचं स्टिअरिंग) डाव्या हातात, थ्रॉटल (इंजिनाची ताकद) उजव्या हातात आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा) पायाखाली. पॉकेटवर मी मोड २ लावला: थ्रॉटल आणि यॉ (नाक डावी-उजवीकडे) डाव्या स्टिकवर, पिच (नाक वर-खाली) आणि रोल (बाजूला कलणं) उजव्या. म्हणजे हातांची कामं नेमकी उलटी, आणि पायांचं कामही डाव्या अंगठ्याकडे. एजटीएक्समध्ये, म्हणजे रिमोटमधल्या सॉफ्टवेअरमध्ये, मोड ३ निवडला की वाटणी सेसनासारखी होते. पण थ्रॉटल बाकीच्यांसारखा स्प्रिंगने मध्यावर परत येत नाही, सोडला तिथेच थांबतो, त्यामुळे दोन स्टिकमधल्या स्प्रिंगचीही अदलाबदल करावी लागते. मी मोड २ च ठेवला. शिकवणारे बहुतेकजण तोच वापरतात, अडलं की रिमोट सरळ त्यांच्या हातात देता येतो.

खरी अडचण पिचची. योक ओढला की नाक वर आणि विमान चढतं. ड्रोन एका जागी तरंगत असताना उजवी स्टिक ओढली तर नाक वरच होतं, पण ड्रोन मागे सरकतो. त्याला पंख नाहीत, उचलून धरतात ते फक्त प्रॉपेलर. पुढे झुकवला की त्यातलं थोडं बळ पुढे ढकलण्यात जातं, म्हणून उंची टिकवायला थ्रॉटल वाढवावा लागतो. समोर झाड आलं की माझा उजवा अंगठा आपोआप मागे यायचा. ही सवय मी सिम्युलेटरवरच मोडली. रिमोट यूएसबीने संगणकाला जोडला की जॉयस्टिकसारखा चालतो, आणि माझ्या लेखी पैसे इथेच वसूल झाले.

हॉल सेन्सरच्या (चुंबकाने स्टिकची जागा ओळखणाऱ्या) स्टिक या आकाराच्या रिमोटला शोभतील त्याहून सरस आहेत. हात मोठे असतील तर मात्र आधी धरून बघा. दोन १८६५० सेल (रिचार्ज होणारे लिथियम सेल) वेगळे घ्यावे लागतात.

नवशिक्यांना अँगल मोड सुचवतात: स्टिक सोडली की ड्रोन सपाट. मला अॅक्रो मोड लवकर जमला. त्यात स्टिक मध्यावर आणली तरी कल तसाच राहतो, सपाट व्हायला उलटी स्टिक द्यावी लागते. सेसनाला वळणात घालून एलेरॉन (पंखांवरच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्या) सरळ केल्यावर जवळपास असंच होतं. पहिल्यांदा तो कल धरून एक पूर्ण वळण घेतलं, तेव्हा अंगठ्यांना ओळखीचं काही सापडलं.