हत्तीरोगाच्या फुकट गोळ्या: ५ पैकी ४ स्टार
दरवर्षी घरी येऊन ज्या गोळ्या देतात त्यांचा रिव्ह्यू कोणी लिहीत नाही म्हणून मीच लिहितोय, मी मेडिकलवर बसतो त्यामुळे थोडी माहिती आहे. आशाताई संध्याकाळी आल्या, आधी जेवलात का विचारलं कारण उपाशीपोटी घ्यायच्या नसतात, मग डीईसीच्या (हत्तीरोगाचं मुख्य औषध) १०० मिलीग्रॅमच्या ३ आणि अल्बेंडाझोलची (जंताची गोळी) १ हातावर ठेवली. बाबा म्हणाले ठेवा, झोपताना घेतो. ताई म्हणाल्या, "काका, त्या बघा फ्रीजवर मागच्या वर्षीच्या तशाच दिसतायत!" शेवटी समोरच घेतल्या, बोटाला शाई लागली.

रात्री बाबांना ताप, डोकं जड. बायको म्हणे गोळ्याच बोगस.

अहो बोगस नाहीत, पण डीईसी आहे विचित्र. काचेच्या नळीत हत्तीरोगाच्या जंतांच्या पिल्लांवर टाकली तर त्यांना फारसं काही होत नाही, अंगात गेली की मात्र रक्तातली हीच पिल्लं झपाट्याने कमी होतात. त्याचं एक कारण असं मानतात की ती प्रोस्टाग्लँडिन (ताप, सूज वगैरे घडवणारी अंगातली रसायनं) बनायच्या कामातच पाय घालते, रक्तवाहिनीच्या अस्तरात त्यातलंच एक, प्रोस्टासायक्लिन, कमी तयार होतं, आणि हेच प्रोस्टासायक्लिन वाहिनी सैल ठेवतं, प्लेटलेट चिकटू देत नाही. गंमत म्हणजे ही पिल्लं स्वतःसुद्धा ते बनवतात, म्हणजे भाडेकरूने आपल्याच घरात स्वतःसाठी रस्ता रुंद करून घेतल्यासारखं झालं!! डीईसीने तेही कमी होतं, मग प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी त्यांना धरतात.

ताप येतो तो ही पिल्लं मरताना जो कचरा सुटतो त्याचा, म्हणजे बाबांच्या रक्तात काहीतरी होतं बहुतेक. पॅरासिटामॉल दिली, सकाळपर्यंत उतरला. ती पण ताप उतरवते मेंदूतलं प्रोस्टाग्लँडिन कमी करूनच, म्हणजे एकीचा त्रास निस्तरायला तिच्याच भावकीतली दुसरी 😄

एक स्टार कापला कारण ताप येऊ शकतो हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही, लोक मग घाबरून पुढच्या वर्षी गोळ्या खिडकीतून फेकतात. गरोदर बाई, २ वर्षांखालचं मूल, खूप आजारी माणूस यांना देत नाहीत ते बरोबरच आहे. आणि आधीच सुजून जाड झालेला पाय याने बारीक होईल अशी आशा ठेवू नका.

ही पिल्लं बघायच्या तपासणीचं रक्त रात्रीच घ्यावं लागतं, ती तेव्हाच कातडीजवळच्या रक्तात येतात. बाबांना रात्री १० ला बोलावलंय, पण ते ९ लाच घोरायला लागतात, बघू.