प्लेटिंगच्या पाण्यातला धातू काढायला काय घ्यावं, चुना-कॉस्टिक की बॅक्टेरिया?

साकीनाका असो नाहीतर वसई, गाळ्यात प्लेटिंग (धातूचा मुलामा देणं) चालत असेल आणि कोणी येऊन सांगत असेल की आमची पावडर टाका, बॅक्टेरिया क्रोमियम-निकेल खाऊन टाकतात, तर आधी हे लक्षात घ्या की धातू कोणी खात नाही. तो पाण्यातून निघून स्लजमध्ये, म्हणजे तळाच्या गाळात जाऊन बसतो, बस्स. म्हणजे घातक कचरा तळोज्याच्या विल्हेवाट केंद्राला पाठवायचा खर्च दोन्हीकडे आहेच.

केमिकलचं काम बहुतेकांना पाठ असतं. हेक्झा क्रोमचं (क्रोमियमचं विषारी, विरघळलेलं रूप) पिवळं पाणी ॲसिडने पीएच २-३ वर आणायचं, मेटाबायसल्फाइट टाकायचं, हिरवट झालं (म्हणजे हेक्झाचा कमी विषारी ट्रायव्हॅलंट क्रोमियम झाला) की कॉस्टिक सोड्याने किंवा चुन्याने ८-९ ला न्यायचं, क्रोमियम खाली बसतो, काही तासांत बॅच मोकळी. गोची निकेलची, त्याला पीएच १० च्या आसपास लागतो आणि तिथे क्रोमियम परत विरघळायला लागतो, म्हणून दोन्ही पाणी एकत्र असेल तर एक धरायला जावं तर दुसरा निसटतो. स्लज पण फुगीर, फिल्टर प्रेस (गाळ दाबून पाणी काढायचं यंत्र) नसेल तर तळोज्याला पाण्याचंच वजन पाठवाल.

बॅक्टेरियात दोन प्रकार, विकणारे मात्र एकच असल्यासारखं बोलतात. मेलेल्यांच्या पेशीभिंतीवर धातू चिकटतो, त्यांना खायला नको, विषाची भीती नाही, पण जागा भरली की संपलं. ते शेवटी उरलंसुरलं पकडायलाच ठीक. जिवंतवाले ऑक्सिजन नसलेल्या टाकीत सल्फेटचं सल्फाइड करतात, आणि निकेल, जस्त, तांब्याचे सल्फाइड हायड्रॉक्साइडपेक्षा खूप कमी विरघळतात, त्यामुळे पाणी जास्त साफ निघतं, हा खरा फायदा. नेदरलँड्समधल्या बुडेलच्या झिंक कारखान्यात १९९२ पासून हे मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं.

पण तो कारखाना आहे हो, आपला गाळा नाही. या जिवंत बॅक्टेरियांना सतत मळी किंवा अल्कोहोल लागतं, पीएच ७ च्या आसपास लागतो, टाकी जमायला आठवडे जातात, दिवाळीत कामगार गावी गेले की कल्चर (टाकीत वाढवलेले बॅक्टेरिया) उपाशी, सायनाइडची बाथ चुकून ओतली की मेलंच. (मुंबईची हवा तेवढी त्यांना मानवते.) वर हायड्रोजन सल्फाइड! आधी सडक्या अंड्यांचा वास, आणि गॅस फार वाढला की वास येणंच बंद होतं, माणूस जाऊ शकतो. पोटमाळ्यावर माणसं आणि खाली ही टाकी, मी तरी नाही बसवणार.

तर थोडं पाणी, आज क्रोम उद्या निकेल असं जॉबवर्क असेल तर केमिकलच करा, फक्त क्रोमची लाइन वेगळी काढा. पाणी भरपूर, रोज सारखंच, मोकळी जागा आणि इटीपीला (सांडपाणी शुद्धीकरणाच्या यंत्रणेला) स्वतंत्र माणूस असेल तरच सल्फेटवाल्यांचा विचार करा. ट्रायल घ्यायचीच तर आपल्या टाकीतलं पाणी द्या आणि रिपोर्टमध्ये हेक्झासोबत टोटल क्रोमियम पण मागा, नाहीतर हेक्झाचा नुसता ट्रायव्हॅलंट होऊन क्रोमियम पाण्यातच राहतो आणि कागदावर हेक्झाची लिटरला ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा मस्त पाळलेली दिसते.